घरचा फॉर्म

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानं आमच्या बचत गटातल्या सहा जणी निवडल्या, त्यात मी होते. मला काही विशेष वाटलं नाही. फुलंब्रीकडची आम्ही माणसं. कुणी शिकवायला आलं की चहा करतो आणि ऐकून घेतो. समाजमंदिरात चार दिवस शिकवणी झाली. दुखणं वाढायच्या आधीच ओळखायचं, म्हणून गावातल्या प्रत्येक बाईला एकटीला बसवून नऊ प्रश्न विचारायचे. झोप उडालीय का, जेवण जात नाही का, कामातून मन उठलंय का, असे. शेवटचा, जगणं नकोसं वाटतं का. शिकवायला आलेल्या मॅडमनी बजावलं होतं, स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, गटातल्या दुसरीला पाठवायचं.

दुसरीला आमच्या घरात कशाला शिरू द्यायचं? आमच्या गटातल्या बायकांच्या पोटात काही राहील तर शपथ. धाकट्या जावेचा फॉर्म मीच भरला, तिला न विचारता, मेथी निवडता निवडता. एका चुलीवर अकरा वर्षं काढलेली बाई, तिला काय विचारायचं? आमच्याकडं घरच्या माणसाला 'कशी आहेस' म्हणत नाहीत, ते पाहुण्यांसाठी असतं. गेल्या साली सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. सव्वा महिन्यानं ती कामाला लागली, म्हणजे सावरली, असं मी धरून चालले. नऊही ठिकाणी 'नाही'वर खूण केली.

पंधरा दिवसांनी विभागातली एक विद्यार्थिनी पडताळणीला आली. चिठ्ठ्या टाकून घरं काढली होती, त्यात आमचं निघालं. ती जावेला घेऊन मागच्या ओट्यावर बसली. मी आत चहाला आधण ठेवलं. मध्ये नुसता पत्रा.

"याआधी हे प्रश्न तुम्हाला कुणी विचारले होते का?"

मी पत्र्याला कान लावला.

"व्हय, इचारले की. आक्कानं," जाऊ म्हणाली. आक्का म्हणजे मी.

मग एकेक प्रश्न, आणि प्रत्येकाला तिचं तेच व्हय. नववा त्या मुलीनं हळू विचारला. त्यालाही व्हय.

"मग त्यांच्या फॉर्मवर सगळं 'नाही' कसं?"

"तवा बरी व्हते."

मी तिघींचा चहा ओतला. साखर घालायची राहिली होती.

मुलीनं तिथूनच मॅडमना फोन लावला. तेव्हापासून जावेला आम्ही एकटं सोडत नाही. दर मंगळवारी तिला विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्रात मीच नेते. ती आत बोलत असते, मी बाहेर बाकावर बसते. लाज वाटायला हवी, रडू यायला हवं. काहीच येत नाही, सगळं बधिर झालंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, जावेसाठी किती करते! मी ऐकून घेते.

परवा परत येताना बसमध्ये मी म्हणाले, "मी तुला इचारलं नव्हतं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मग आता इचारा की."

नऊही प्रश्न मला पाठ आहेत. झोपेचा विचारला, जेवणाचा विचारला. ती सरळ सांगत गेली. आठव्यानंतर मी थांबले. ती माझ्याकडं बघत होती. फुलंब्री आली, उतरायची वेळ झाली, तरी नववा माझ्याच्यानं विचारवला नाही.