कॅटलॉगमधला घोडा

महादेव शिगवण मूळचा गुहागरकडचा. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात बारा वर्षं रायफली दुरुस्त करून १९७९ साली तो बहारीनला आला, एका खासगी नेमबाजी क्लबात. बंदुका साफ करायच्या, झिजलेल्या स्प्रिंगा बदलायच्या आणि बंदूक बाहेर देण्याआधी रजिस्टरवर ‘चालवण्यास योग्य’ लिहून सही करायची, हे त्याचं काम.

क्लबात एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. दर वेळी घोडा दाबला की एक गोळी सुटायची, पुढची आपोआप नळीत चढायची. जड होती, पण इमानी. मॅनेजर अहमदला मात्र ती म्हातारी वाटायची. त्याने परदेशी कॅटलॉग बघून नवा दस्ता, नवं मॅगझिन आणि नवा घोडा मागवला. मूळ कंपनीचं त्यातलं काहीच नव्हतं.

“यल्ला, चल महादेव, गुरुवारपर्यंत बसव,” अहमद म्हणाला. “मेंबर लोक बघतच राहतील.”

दस्ता बसेना. महादेवने दोन दिवस कानशीने घासला, तेव्हा कुठे गेला. मॅगझिन बसलं, पण दर चौथी-पाचवी गोळी वाकडी होऊन अडकायची. आणि घोडा? तो इतका हलका की हात लावायची भीती. महादेवने रिकामी रायफल रबराच्या चटईवर दस्त्याच्या बाजूने जराशी आपटली. टक्! कुणी न दाबता घोडा सुटला होता. दहा वेळा आपटली, त्यात तीनदा सुटला.

त्याने अहमदला बोलावून दाखवलं. तिथे साहेबाला ‘अरबाब’ म्हणायची रीत होती.

“अरबाब, आत गोळी असती तर?”

“नवीन आहे, रुळेल. तू सही कर.”

“नाही करणार.”

महादेवने रजिस्टरवर ‘चालवण्यास अयोग्य’ असं लिहिलं. अहमदने रागाने वही ओढून घेतली. शस्त्रखोलीची किल्ली सांभाळणारा रहिमतुल्ला पेशावरचा. तो महादेवला बाजूला घेऊन म्हणाला, “भाई, बंदूक त्याची, क्लब त्याचा. तू का डोकं फोडून घेतोस?”

“कुणाचं तरी फुटेल म्हणून!” महादेव खेकसला.

गुरुवारी दुपारी अहमदने स्वतःच रायफल बाहेर काढली आणि गोळ्या भरल्या. मेंबरांना दाखवताना ती त्याने दस्त्यावर उभी टेकवली, जरा जोरातच. धाडकन आवाज झाला. गोळी त्याच्या कानाजवळून वर गेली आणि पत्र्याच्या छपराला भोक पडलं. मेंबरांची बायकापोरं किंचाळली. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

अहमदचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. वाचा फुटली तसा तो महादेववरच ओरडला, “घोडा बसवला कुणी? तूच ना!”

महादेवच्या तोंडाशी शिवी आली. ती गिळून त्याने अहमदच्या टेबलावरचं रजिस्टर आणून उघडलं आणि आपलं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. अहमद तरातरा ऑफिसात गेला.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला: रायफल पूर्वीसारखी कर. महादेवने जुना घोडा आणि जुनं मॅगझिन जपून ठेवलं होतं, ते चढवलं. जुना दस्ता मात्र अहमदने कुणाला तरी देऊन टाकला होता. नव्या दस्त्यात कितीही पाचरी घातल्या तरी नळी किंचित हलायचीच. शंभर पावलांवर गोळी वीतभर उजवीकडे जायची. चांगल्या चाललेल्या हत्याराची कुणीतरी हौसेपायी वाट लावावी, आणि निस्तरायचं आपण! वर्षभर तो त्या एका दस्त्याशी झगडला.

क्लबाच्या वार्षिक जेवणात अहमद पाहुण्यांना सांगत होता, “बघा, परदेशी घोडा शेवटी रुळला.”

“तो जुनाच आहे, अरबाब,” महादेव म्हणाला.

अहमद हसला. “खलास, खलास, पुरे आता,” म्हणत त्याने पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना पुढे नेलं. महादेवने अर्धवट जेवलेलं ताट खाली ठेवलं आणि तो शस्त्रखोलीकडे निघून गेला.