जाळीवरचं सील

ती दुपार अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जोराचा पाऊस आला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते. रस्त्यावरचं पाणी गटारात उतरतंय ना, हे बघते आणि मगच बसते. घरचे हसतात. हसू देत.

तेव्हा मी बावधनच्या बाजूला एका चौकीत फौजदार होते. एका सकाळी तिथल्या मोठ्या सोसायटीचे चेअरमन आले. आयटीतले गृहस्थ, मूळचे लातूरकडचे, बोलायला सभ्य, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. सोसायटीच्या आवारातून एक उघडं पावसाळी गटार जायचं आणि कुंपणापाशी रस्त्याखालच्या मोठ्या पाइपात शिरायचं. आदल्या वर्षी त्या पाइपातून चोर वर आला होता, आणि घरात बाई एकटी होती. म्हणून त्यांनी पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली, चार बोल्ट आवळून.

"मॅडम, कोणीतरी ती जाळी उघडतंय. मोठा पाऊस झाला की जाळी उघडी. तीन वेळा झालं. बायका घराबाहेर पडायला घाबरतायत."

"पाणी तुंबतं का तिथं?" मी सहज विचारलं.

"तुंबतं ना. रस्ता भरतो, पार्किंगच्या उतारापर्यंत येतं, मग अर्ध्या तासात आपोआप उतरतं. पण तो इश्यू वेगळा. त्याचे अर्ज आम्ही पालिकेला वेगळे दिलेत."

मीही मान डोलावली. तो विषय वेगळा. ते वाक्य मी तक्रारीत घेतलंसुद्धा नाही.

संशय सगळ्यांचा एकाच ठिकाणी. रस्त्यापलीकडे मोकळ्या प्लॉटवर धनगरांचा तळ होता. तिथला म्हातारा कारभारी मेंढीच्या पायातला काटा काढत बसला होता. मी दरडावून विचारलं, तर त्यानं वरसुद्धा बघितलं नाही.

"बाई, आमी मेंढरं राखावी का तुमची लोखंडं? चोर आसतो तर जाळी ठिवली आसती व्हय तितं?"

बोलणं उर्मट, पण खरं. जाळी कुणी नेलीच नव्हती. शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि चारही बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, खिळ्याला अडकवलेले. बोल्टांना तेलाचा हात. इतक्या वर्षांत मी बरेच चोर बघितले. बोल्ट जपून ठेवणारा एकही नाही.

दोन दिवसांनी खबर आली. गेटसमोरच्या चहावालीनं हळूच सांगितलं, "म्याडम, बाहीर कशाला शोधताय. पाना आतल्याच माणसाकडं हाय."

आवारात राहणारी कामाची माणसं दोनच, म्हणून मी वॉचमन आणि त्याच्या बायकोला चौकीत बोलावलं. बाई माले गावाकडची, मेंढपाळांच्या घरातली. सोसायटीची झाडलोट करायची. राहायला तळघरातल्या पार्किंगमध्ये पंपाशेजारची खोली. नवरा घामाघूम, "मला काय बी म्हाईत न्हाई," एवढंच म्हणत राहिला. ती जमिनीकडे बघत उभी.

"जाळी कोण उघडतं?"

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"पाना कुणाकडे आहे?"

मग मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "पुन्हा त्या जाळीला हात लागला तर आत टाकीन. नवऱ्याची नोकरी जाईल ती वेगळीच."

तिनं एकदा वर बघितलं आणि मान डोलावली.

त्याच दिवशी पंचांसमोर जाळी बसवली. बोल्टांवर कापड बांधलं, लाखेचं सील मारलं, पंचांच्या सह्या घेतल्या. खाली पाटी लावली : तपास चालू आहे, हात लावू नये. मला वाटलं, सील तुटलं की माणूस सापडला. आपल्याच हुशारीवर मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

आठवड्यानं परतीचा पाऊस आला. भर दुपारी अंधारून आलं. चेअरमनचा फोन, "मॅडम, पार्किंगमध्ये पाणी शिरतंय, लाइट गेलीय." मी आणि एक हवालदार जीप घेऊन निघालो. रस्ता कुठला आणि गटार कुठलं, काही कळत नव्हतं. शेवटी जीप सोडून चालत गेलो.

आवारात कमरेएवढं पाणी, गढूळ, त्यावर थर्मोकोल आणि पिशव्या. जाळीपाशी ती उभी होती. हातात पाना. नुसती उभी.

"इथं काय करतेस?"

"म्याडम, सासू खाली हाय." तिचे दात वाजत होते. "मांडी मोडलीया तिची, हलता येत न्हाई. ह्ये औषध आणाया गेल्यात. मला एकटीला उचलंना. जाळीत कचरा बसलाय, ती काडली की पाणी वढून जातं. पर तुमचं सील हाय."

तळघरात म्हातारी, आणि ही बाई माझ्या लाखेच्या ठिपक्यापायी थांबलेली.

मी पाण्यात हात घातला आणि कापड फाडलं. तिनं पाना लावला. तिसरा बोल्ट सुटला तशी जाळी एका अंगाला कलली, आणि पाण्यानं असा हिसका दिला की हवालदारानं माझा पट्टा धरला नसता तर मीच पाइपात गेले असते. हळूहळू उतारावरून खाली जाणारा लोंढा थांबला.

आम्ही तळघरात धावलो. चेअरमन ऑफिसच्या कपड्यांनिशी आमच्या पुढं होते. खोलीत छातीएवढं पाणी. खाट बुडालेली. म्हातारी भिंतीवरच्या पंपाच्या पाइपाला दोन्ही हातांनी लोंबकळत होती, हनुवटी पाण्यावर. आम्ही तिला उचललं, तेव्हा तिची बोटं पाइपावरून एकेक करून सोडवावी लागली.

वर आल्यावर ती सुनेला म्हणाली, "लई येळ लावलास गं."

नंतर मी त्या बाईला विचारलं, चौकीत का बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमी इचारलं कोन उघडतं. का उघडतं, ते कुटं इचारलं?"

तक्रार निकाली काढताना सील कुणी तोडलं, ते लिहावं लागतं. मी माझं नाव लिहिलं. सोसायटीनं त्यांना वर पहिल्या मजल्यावर खोली दिली, जाळीला बिजागरी बसवली, आणि पाना गेटवर टांगला. त्या दिवसापासून मी कुणालाही आधी 'का' विचारत आले.

एकच गोष्ट विचारली नाही. मी आणखी थोडी उशिरा पोचले असते, तर तिनं सील तोडलं असतं की तशीच उभी राहिली असती? ती अजून बाजारात भेटते, हात धरून बोलते, सासूचं सांगते. प्रश्न ओठांवर येतो आणि मी भाजीचा भाव विचारते. उत्तराची भीती वाटते मला.