मामाजींच्या बांध्यांची नावं

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही — घरच्यांसमोर तोंडच उघडत नाही.

माझे सासरे, मामाजी, कोर्टात टायपिस्ट होते. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. तिथं धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला, बांधीला, नाव होतं — ती कोणाची, तिला पाणी कोणत्या तळ्यातून, बोडीतून यायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. कोर्टातल्या साहेबांनी दिलेल्या वहीएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते हे टाइप करत, इंग्रजी अक्षरांत मराठी. चार पेन्सिल सेलवर तो चालायचा, आणि बंद असला तरी आतलं लिखाण त्या सेलवरच टिकायचं. सेल उतरायला लागले की दिवा लागे, मग झटकन नवे घालायचे. कागदावर उतरवून घेऊ, घेऊ म्हणता राहून गेलेलं.

"यात साधेच सेल टाकजो बाई," त्यांनी मला बजावलं होतं. पण मी बी.एस्सी.! रिमोटला, घड्याळाला चार्जिंगचे सेल घालून अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. म्हाताऱ्याला काय कळतं — हो, असंच मनात म्हटलं. न सांगता चार्जिंगचे घातले.

साधे सेल हळूहळू उतरतात. माझे ते सेल नुसते पडूनही उतरत, आणि एकदम मान टाकत. मला हे माहीत नव्हतं? थोडं माहीत होतं. मामाजी आठ दिवस आसगावला लग्नाला गेले. परत येऊन बटन दाबलं — कोरा. चार वर्षांचं लिखाण गेलं होतं.

"कोनते सेल टाकली तू?" ते ओरडले. माझ्यावर पहिल्यांदाच. मी "बघते" म्हणून मशीन आत नेलं, माझे सेल काढले आणि डब्यातले जुने, संपलेले साधे घातले. हात कापत होते का? नाही. तेच तर सांगायचं आहे. बाहेर येऊन मी म्हणाले, "साधेच हायेत, मामाजी. जातानी तुमीच चालू ठेवलं असन."

"मी तं बंद केलो होतो..." ते थांबले. "केलो होतो ना बाई?"

त्यांच्या मोठ्या भावाला शेवटी पोटचा मुलगाही ओळखू येत नव्हता. मामाजींना तेवढीच एक भीती होती, आणि ती मला ठाऊक होती. त्या दिवसापासून ते नळ बंद केला का, कडी लावली का, विचारत फिरायचे. गावची माणसं बांध्यांची नावं विचारायला आली तर म्हणायचे, "राहू द्या बापा, माह्या डोक्याचा आता काई भरोसा नाई." डोकं शाबूत होतं हो! शेवटपर्यंत. सांगायला मला पाच वर्षं होती. नाही सांगितलं. नावंही त्यांच्याबरोबरच गेली.

जायच्या आधी एकदा त्यांनी मला जवळ बसवलं. "त्या मशीनच्या टायमाले मी तुह्यावर उगीच चिडलो बाई. गलती माहीच होती. मनात ठेवू नको."

मी म्हणाले, "असू द्या, मामाजी." माफ केलं मी त्यांना.