घासून संपणारा तुकडा

आमच्या बोरीवलीच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि युनियनची पत्रकं जास्त. पाढेही मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. त्यामुळे अंधेरीच्या कॉलेजात सरांनी प्रोजेक्टसाठी सीटी स्कॅनचं मशीन मैत्रिणीला दिलं आणि घासायचं काम मला, तेव्हा मी भर लॅबमध्ये म्हटलं, "चिठ्ठ्या टाका."

"झेंडा आणू का गं?" मैत्रीण हसली.

तुकडा एकच होता, ओतीव ॲल्युमिनियमचा, करंगळीच्या पेराएवढा. असा धातू थंड होताना आत पोकळ्या राहतात, सिलिकॉनच्या पात्या वाढतात. ते सगळं आम्हाला तीन मितींत हवं होतं. तिने तुकडा मशीनमध्ये ठेवला आणि अख्खा परत काढला. मग पडद्यावर त्या पोकळ्या गरगर फिरवत चहा पीत बसली. तोच तुकडा नंतर माझ्याकडे आला. मी पातळ थर घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, पुन्हा घासायचं आणि शेवटी फोटो एकावर एक रचायचे. माझं चित्र पूर्ण होईल तेव्हा तुकडा उरणार नव्हता. जळफळाट व्हायचा नुसता.

थर जुळवायला पृष्ठभागावर हिऱ्याच्या टोकाने खुणा दाबतात; खूण किती लहान झाली, त्यावरून किती घासलं ते कळतं. जुन्या पुसून जायच्या आत नव्या दाबाव्या लागतात. एका दुपारी सर तिच्या पडद्यासमोर "वा, वा" करत होते. माझे कान तिकडे, बोटं पॉलिशच्या चकतीवर. तुकडा उचलून पाहिला तर खुणा गायब. किती खोल गेले, कळेना. पुढचे फोटो आधीच्यांवर रचणार कसे?

"वाट लागली," मी म्हटलं.

तिने माझा ताजा फोटो घेतला, पोकळ्यांचे काळे ठिपके पाहिले आणि आपल्या स्कॅनचे थर वर-खाली सरकवत राहिली. "हे बघ, सेम ठिपके. हीच तुझी खोली. लिहून घे, रडतेस काय!"

"रडत नाहीये."

लिहून घेतलं. पण झोंबलं. मी समान संधी मागितली होती, तिची मेहरबानी नाही.

ती मात्र माझ्या फोटोवरून हलेना. त्यात सिलिकॉनच्या पात्या लख्ख दिसत होत्या. तिच्या स्कॅनमध्ये त्या ॲल्युमिनियमइतक्याच करड्या, म्हणजे नसल्यासारख्याच.

"माझ्यात का नाही दिसत यार हे?"

तो जळफळाटाचा आवाज माझ्या ओळखीचा होता.

"फोटो मोठा करून दाखवू?" मी विचारलं.