काकांना नको, मग कुणालाच नको

आमच्या ऑफिसात ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर बनतं आणि मी तिथं चहा बनवतो. वय एकेचाळीस, पगाराच्या कागदावर हुद्दा ऑफिस बॉय. पण नवी आवृत्ती यायची झाली की माझ्या हातातला ट्रे काढून घेतात आणि मला मोठ्या खुर्चीवर बसवतात. माझं शिक्षण सातवी, तेही परीक्षा न देता. कंपनी ज्यांची, त्या मॅडमचं म्हणणं, जे मला जमेल ते महाराष्ट्रात कुणालाही जमेल. यात मला कधी अपमान वाटला नाही. उलट तेवढा अर्धा तास मी अंधेरीतल्या आमच्या ऑफिसच्या गाळ्याचा जावई असतो.

पद्धत ठरलेली आहे. ऑफिसचा चाचणीचा फोन माझ्या हातात. मॅडम आणि बोरिवलीची एक इंजिनिअर मुलगी माझ्या मागे. मी कितीही चुकलो तरी त्यांनी मदत करायची नाही, आणि माझ्या मनात जे येईल ते मी मोठ्यानं बोलायचं. "हे काय आलं? इथं दाबू का? आता गेलं कुठं ते?" मी अडलो की मुलगी वहीत खूण करते, आणि मग त्या खुणेवर चार-चार दिवस काम चालतं. माझ्या एका अडण्यापायी शिकली-सवरलेली माणसं चार दिवस मान मोडतात, हे मला सहन होत नाही. त्यासाठीच तर मला बसवतात, हे कळतं. तरी नाही होत.

कारण मॅडमचे उपकार. लॉकडाऊनमध्ये गाळ्याला कुलूप होतं तरी त्यांनी मला काढलं नाही. आणि पुढं माझ्या अक्काचा जीव वाचला तो त्यांच्यामुळे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं, वाशीमकडच्या आमच्या गावात, वीटभट्टीवर. तिला हळू बोलताच यायचं नाही. भट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला बोलायची सवय. शाळा सोडून मी नात्यातल्या एकाबरोबर भांडुपला निघालो तेव्हा एसटी सुटल्यावरही तिचा आवाज येत होता, "रडू नोको बे! लोकं पाहून रायले!" अख्खी एसटी हसली. मी अजून तिकडं कायमचा परत गेलेलो नाही.

मॅडमनी ऑफिसात सगळ्यांना ब्लॉग उघडून दिले, तसा मलाही दिला. मला लिहिणं जमेना. पण त्यात आवाज टाकायची सोय होती. मी गावाकडं भाचीच्या फोनमध्ये माझाच ब्लॉग सुरू करून दिला. ती बटण दाबून फोन अक्कासमोर धरायची आणि अक्का बोलायची. कुणाची बकरी व्याली, सरपंच कसा तोंड चुकवतो, ज्वारीची भाकर फुगत कशी नाही. नातवंडांवर ओरडणं मध्येच चालू. ऐकणारे आम्ही पंधरा-वीस जण, सुरतला, पुण्याला आणि भांडुपच्या डोंगरावर राहणारे गावचेच लोक. साठ-सत्तर तुकडे जमले असतील.

मग तिच्या घशात गाठ निघाली. मिश्री लावायची ती, लहानपणापासून. मॅडमनी चार ठिकाणी फोन केले आणि मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळवून दिली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. अक्का वाचली, आवाज गेला.

आम्हाला वाटलं, आता ती खचेल. पण ती अक्का होती. महिन्याभरात तिनं भाचीला खुणेनं फोन मागितला आणि ब्लॉगवरचे तुकडे ऐकायला बसली. तिला वाचता येत नाही, पण कुठला तुकडा कितव्या नंबरवर हे तिनं बोटांवर पाठ केलं. आणि मग ती ते वापरायला लागली. पोरं जेवायला येईनात की अंगणात उभी राहून फोन उंच धरायची आणि तिचाच आवाज फुटायचा, "या बे पोट्टेहो, भाकर थंडी होऊन रायली! काहून तमाशा लावला?" पोरं पळत यायची. शेजारीण भांडायला आली तर त्यासाठी वेगळा तुकडा होता. फोनवर मी "जयभीम अक्का" म्हटलं की ती एका तुकड्यातला स्वतःचा "जयभीम" लावायची. बाकी बोलणं ठोक्यांवर. फोनवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

या वर्षीच्या नव्या आवृत्तीची तयारी चालू होती. पांढऱ्या फळ्यावर यादी होती. नवं रूप, मोठी अक्षरं. लेख आज लिहून ठेवायचा, पुढच्या आठवड्यात आपोआप प्रसिद्ध होणार. वाकडा फोटो सरळ. आणि सगळ्यात मोठं, लाल रंगात: आवाजावरून लेख. तुम्ही बोला, यंत्र लिहील. जुने आवाजही एका बटणात लिहून देईल. चहा देताना मी ती यादी रोज वाचायचो आणि मला अभिमान वाटायचा, जसं काही मीच केलंय.

त्या आठवड्यात मी दोनदा अडलो होतो. दुसऱ्या वेळी तर तारीखच पुढं गेली. तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा मॅडमचे डोळे सुजलेले होते. समोर आलं, 'जुन्या आवाजांचे लेख करायचे का?' खाली मोठं हो. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत काहीतरी आणि एक रिकामी चौकट. मी हो दाबलं.

मुलगी मागून म्हणाली, "काका, खाली चौकट होती ती बघितलीत?"

"बघितली ना."

"कशाची वाटली?"

मला काहीच वाटलं नव्हतं. मी वाचलीच नव्हती. पण तिच्या वहीवर पेन टेकलेलं मला समोरच्या काचेत दिसत होतं.

"समजली की," मी म्हटलं. "सोपं आहे सगळं."

"मग लागेल का तुम्हाला? ठेवू?"

"नको नको. कशाला उगाच? असंच बरं आहे."

मॅडम हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा. "बघ, मी म्हणत होते ना तुला, गर्दी होते त्या चौकटीनं. काकांना नको, मग कुणालाच नको. काढून टाक."

मुलगी म्हणाली, "पण मॅडम, निदान..." मॅडम म्हणाल्या, "यार, आता नको ना फाटे फोडू." मी उठून सगळ्यांना आल्याचा चहा केला. मला फार बरं वाटत होतं.

नवी आवृत्ती आली त्या दिवशी ऑफिसात सामोसे आणले. मी जिन्यात उभा राहून माझ्या फोनवर ती उघडली आणि पहिल्या फटक्यात हो दाबलं. सगळ्या तुकड्यांचे लेख झाले. काळी, ठळक, मोठी अक्षरं. मी एक वाचला: 'मुलांनो, या. भाकरी थंड होत आहे. गोंधळ का घालत आहात?' मला हसूच आलं. अक्का अशी बोलायला लागली तर गाव म्हणेल, बाईला झालंय तरी काय.

संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, मायचा आवाज कुठी गेला?"

"आहे की. वर बघ, कोपऱ्यात."

"नाई ना मामा. निरं लिवेल हाय. ती केव्हाची दाबून रायली."

मागून फोनवर नखाचा आवाज येत होता. टिक टिक. टिक टिक. नाही, नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या टेबलाशी गेलो. तिनं बघितलं, पुन्हा बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "काका, तीच ती चौकट. 'मूळ आवाज जपून ठेवा.' ती काढली ना आपण. लेख झाला की आवाज पुसला जातो, जागा वाचते म्हणून." मग हळूच, "तुमच्याकडे दुसरीकडे असतील ना? फोनमध्ये? कुणाला पाठवलेले?"

नव्हते. थेट ब्लॉगवरच बोलायची ती. सुरतवाल्याला विचारलं, पुण्यात विचारलं. सुरतवाला म्हणाला, "ब्लॉगवरच तर ऐकत होतो, जपून कशाला ठेवू?" बरोबरच आहे.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाट लागली हो काका. मी मॅडमना सांगते."

"नका सांगू."

"अहो, पण त्यांना कळायला नको?"

"त्यांनी अक्काला वाचवलं," मी म्हटलं. "आता हे काय तोंडानं सांगणार? नको म्हणणारा मीच होतो."

तिनं सांगितलं नाही. मॅडम अजूनही येता-जाता विचारतात, "बहीण कशी आहे?" मी म्हणतो, "मजेत, तुमच्या कृपेनं." आणि ते खोटंही नाही. जिवंत आहे.

रविवारी मी अक्काला फोन केला. "जयभीम अक्का," म्हटलं आणि थांबलो. सवयीनं. पलीकडून काही आलं नाही. मी सगळं सांगितलं. चौकट, बारीक अक्षरं, मी न वाचता समजली म्हणालो ते. "अक्का, ऐकून रायली ना?" एक टिचकी. "रागावली का?" एकही नाही, दोनही नाहीत. शेळ्यांचा आवाज येत राहिला आणि मग भाचीनं फोन घेतला.

मी एक वेडेपणा केला. भांडुपच्या डोंगरावर माझ्या घराच्या मागे जाऊन, तिच्यासारखा घसा ताणून तेच वाक्य बोललो आणि पाठवलं. या बे पोट्टेहो. भाचीनं ते अंगणात लावलं. पोरं म्हणे पोट धरून हसली, "मामा आजी झाला, मामा आजी झाला." अक्का उठून आत गेली. आता ती जेवायला बोलवताना ताटावर पळी आपटते. पोरं येत नाहीत, म्हणून पुन्हा आपटते. भाची सांगते, ताटाला पोचे पडलेत.

परवा पुन्हा खुर्चीवर बसवलं. पुढच्या आवृत्तीत मुलीनं ती चौकट परत आणली आहे, मोठी, हिरवी, नवीन सोय म्हणून. मॅडमना तिनं काय कारण दिलं, कुणास ठाऊक. त्याच्याखाली आणखी एक नवीन ओळ होती, तीही बारीक. मी ती दोनदा वाचली. कळली नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, हा नियम. मनात 'नाही समजलं' एवढंच होतं, आणि ते ओठांपर्यंत आलंही होतं.

मॅडम मागून म्हणाल्या, "काय काका, अडलं का कुठं? आज वेळेत संपवू या."

"नाही मॅडम," मी म्हटलं. "सोपं आहे."

काचेत मुलगी दिसत होती. तिनं वही मिटली नव्हती. पेन तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी चहा ठेवायला उठलो.