दादाची सभा

दादाला कावीळ झाली तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यापुढे दारूचा एक थेंबही नको." ते दादाला ऐकू गेलं होतं. रिक्षात तो म्हणाला, "मला काय समजत नाय काय? पन सुटत नाय गं."

हा माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही; पोशीरला भातशेती करायचा आणि आईबरोबर राहायचा. मी कर्जतला प्राथमिक शाळेत शिकवते. कावीळ व्हायच्या दोन वर्षं आधी आई न्हाणीत पडून गेली आणि त्याचं पिणं सकाळपासूनच सुरू होऊ लागलं.

खोपोलीला दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा भरते, पैसे लागत नाहीत, कुणी आडनाव विचारत नाही, हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हळूच सांगितलं. त्यांचा नवरा तिथे जायचा. त्यांनी दिलेल्या नंबरवर मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, पितं कोण? तुम्ही की ते? मग फोनही त्यांनाच करू द्या."

मला रागच आला. तरी नंबर कागदावर लिहून दादाला दिला. तीन आठवडे तो कागद त्याच्या खिशात होता. मग एका दुपारी तो गोठ्यामागे जाऊन कुणाशी तरी बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, "रविवारी चार वाजता बोलावलंय. तू चल."

माझ्या स्कूटीवरून गेलो. सभा एका शाळेत होती आणि शाळेच्या फाटकाला कुलूप. "बरं झालं. चल घरी," दादा म्हणाला. मी गाडी वळवणार, तेवढ्यात कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस थांबला. "सभेला ना? मागच्या दारानं या."

पहिलीच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घरच्यांना आत बसायची मुभा फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी, म्हणून मी व्हरांड्यात थांबले. आतून कधी हसण्याचा आवाज यायचा, कधी कुणी रडत असल्याचा. दादा बाहेर आला तो जरा तरतरीत होऊन. "एक जन माझ्यापेक्षा जास्त प्यायचा," तो म्हणाला.

त्यानंतर तो दर रविवारी जाऊ लागला; मी स्कूटीवरून न्यायचे आणि बाहेर थांबायचे. पहिले काही दिवस वाईट गेले, पण तो प्यायला नाही.

तीन महिन्यांनी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मी पहिल्यांदा आत बसले. दादा बोलायला उभा राहिला. मी कौतुकानं बघत होते.

"मी दारुडा हाय," तो म्हणाला. "आमची आय पडली तवा मी नेरळच्या बाजाराला गेलो होतो, असं मी सगल्यांना सांगितलं. बहिनीलापन. पन मी घरातच होतो. पुढच्या खोलीत पिऊन पडलो होतो. तिनं मला दोनदा हाक मारली. ऐकू आली मला. म्हनलं, उठतो. उठलोच नाय."

सगळे म्हणाले, "धन्यवाद, भाऊ." तिथली ती पद्धतच होती. मला मात्र त्या प्रत्येक माणसाचा तिरस्कार वाटला.

येताना वाटेत पळसदरीपाशी मागून दादाचा आवाज आला, "बोल गं कायतरी." मी गाडीचा वेग वाढवला. त्याला कर्जत स्टेशनवर सोडलं आणि घरी गेले.

पुढचे तीन रविवार मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं. तो एकटा गेला. खरं सांगायचं तर त्यानं पुन्हा प्यावं असंच मला वाटत होतं. मग रागावायला मी मोकळी झाले असते.

चौथ्या रविवारी सकाळी तो माझ्या दारात आला. "सभेला येऊ नको. पन काय बोलायचं ते बोल."

मी बोलले. शेजारी ऐकतील याचं भान राहिलं नाही. "आईच्या दिवसांत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास! मी तुला समजावत बसले!"

"व्हय," तो म्हणाला. एवढंच. सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, आत यायला मी सांगितलं नाही, आणि तो निघून गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी स्कूटी काढली. त्यानं माफी मागितली नाही, मी दिली नाही. खोपोलीपर्यंत आम्ही भाताच्या आवणीबद्दल, रोपं कधी लावायची त्याबद्दल बोललो.

यकृत मात्र आधीच गेलेलं होतं. पावसाळा सरताना त्याच्या पोटात पाणी भरू लागलं. दिवाळीच्या आधी तो गेला. शेवटचे आठ महिने त्यानं दारूला हात लावला नव्हता. दवाखान्यात मी त्याचे पाय चेपायचे, त्याला पेज भरवायचे. आईचा विषय आणि माफीचा शब्द रोज ओठांवर यायचा. उद्या बोलू, असं म्हणत राहिले.

तेराव्यानंतर, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मी खोपोलीच्या सभेत कळवायला गेले. पहिला फोन ज्यांनी उचलला होता, त्या गृहस्थांनी विचारलं, "प्यायले नाहीत ना?"

"नाही."

ते तोंड फिरवून रडले. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला काही बोलायचंय?"

मी उभी राहिले. त्याला जे सांगायचं राहिलं ते निदान इथे सांगावं, असं ठरवूनच आले होते. "मी त्याची बहीण," एवढं म्हणाले आणि खाली बसले.