बापाची पेटी, त्याच्या बापाचा सूर

त्या फ्रेंच संगीतकाराने मला फसवलं. माझ्या वडिलांच्या पेटीतून त्याने त्यांचा सूर घासून काढला आणि पेटी चकाचक पॉलिश करून परत पाठवली.

मी जुनं फर्निचर घेतो आणि शूटिंगला भाड्याने देतो. विक्रोळीच्या चाळीतून निघून घाटकोपरला स्वतःचं गोडाऊन उभं केलं, ते भाव करता येतो म्हणून. खुर्ची आवडलीय आणि चेहऱ्यावर दाखवायचं नाहीय, असा माणूस मला दारातच कळतो. या माणसाने काहीच लपवलं नाही. मढला भाड्याच्या बंगल्यात राहायला आला होता, टेबल बघायला गोडाऊनवर आला आणि टेबल सोडून माझ्या खुर्चीमागच्या पेटीसमोर उभा राहिला. एक पट्टी दाबली आणि डोळे मिटले.

वडील डबलबारीचे बुवा होते. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांना सवाल टाकतात. वडिलांचा गळा काळी चारच्या जरा खाली लागायचा. लोक पेटीला गळा जुळवतात. यांनी पेटीवाल्याला चाळीत बोलावून दुपारभर गाऊन दाखवलं आणि एकेक रीड घासून गळ्यापर्यंत उतरवून घेतली. समोरचा बुवा भर बारीत टोमणा मारायचा, "बुवानू, पेटीक ताप इलो काय?" वडील हसायचे आणि त्याच सुरात जवाब द्यायचे. त्यांच्या कॅसेटी बुरशीने गेल्या. त्यांच्या आवाजाचं माप उरलं ते फक्त या पितळी रीडमध्ये. रोज शटर उघडलं की मी एक पट्टी दाबायचो, मग धंदा. गणपतीत पेटी विक्रोळीला आईकडे जायची.

त्याच्याबरोबर मुलुंडची एक मुलगी होती, दुभाषी म्हणून. तिने त्याची गोष्ट सांगितली. त्याचे वडील गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्या ऑर्गनला कंटाळून हा पळाला आणि तरुणपणी नुसता गदारोळ लिहिला, सगळी वाद्यं एकदम. तिने मोबाइलवर थोडा ऐकवला.

मी म्हटलं, "हे काय, भांड्यांचं दुकान पडलं?"

तिने ते त्याला तसंच सांगितलं. तोही पोट धरून हसला. मग म्हणाला, त्या गोंगाटाचा मलाही वीट आला; आता दोन पट्ट्यांच्या मधला सूर शोधतोय, जो आमच्याकडे चुकीचा मानतात. तुमच्या वडिलांकडे तो आहे.

कोणी वडिलांबद्दल असं बोलल्यावर मी काय भाव करणार? भाडं नको म्हटलं. अट एकच घातली: जशी नेली तशी परत. उघडायची नाही, घासायची नाही. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

पेटी आधी मढला गेली, तिथे त्याने तिची एकेक पट्टी रेकॉर्ड केली, मग ती त्याच्याबरोबर फ्रान्सला गेली. पहिली रचना त्याने पाठवली, तेव्हा आईला ऐकवली. पेटीचा आवाज मशीनमधून ताणून, पातळ करून लांबवला होता. सूर ओळखता येत नव्हता. आई बराच वेळ कान देऊन बसली आणि म्हणाली, "भातो कळता." भात्याचा श्वास ओळखू आला, तेवढ्यावर ती खूश होती.

मग त्याचे वडील वारले आणि त्याचं संगीत पुन्हा बदललं. गोंगाट गेला, मशीन गेलं, मधले सूर गेले. राहिले थोडेसे स्वच्छ स्वर, लहानपणीच्या चर्चमधले. वडिलांच्या आठवणीत त्याने ऑर्गन आणि पेटीसाठी एक रचना लिहिली. दोन्हींचे सूर एकमेकांना लागेनात. त्याने माझी पेटी उघडायला लावली आणि तिच्या रीड घासून आपल्या बापाच्या ऑर्गनला जुळवून घेतल्या.

गणपतीच्या आधी पेटी आली. आईने पट्टी दाबली. पुन्हा दाबली. "हो तेंचो सूर न्हय," म्हणाली आणि झाकण लावलं. वडिलांच्या भजनी मंडळाने दुसरी पेटी मागून आणली. आरतीला आई आतल्या खोलीतच बसून राहिली.

मी व्हिडिओ कॉल लावला. मुलुंडची ती दुभाषी मुलगी मधे होती.

"काका, ते म्हणतायत पेटी बेसूर होती, त्यांनी प्रेमाने दुरुस्त केली."

"बेसूर? त्या बेसुरासाठीच नेली ना याने पेटी?"

"त्यांची शैली बदलली, काका."

"शैली याची बदलली, तर घासायची कानस माझ्या बापाच्या पेटीला का? मढचं मूळ रेकॉर्डिंग तरी दे म्हणावं."

ती त्याच्याशी बोलली. मग खाली बघत म्हणाली, "नवीन सुरू करताना ते जुनं सगळं पुसून टाकतात."

मी फोन आपटला. काच गेली.

पेटीवाला म्हणतो, रीड पुन्हा उतरवता येतील, पण कुठपर्यंत? जुळवायला गळा कोणाचा आणू? मंडळातले म्हातारे गाऊन दाखवतात, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा निघतो. आई प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणते. हल्ली ती म्हणते, मलाच आता नीट आठवत नाही.

त्याची नवी रचना तिकडे खूप नावाजली जातेय, असं ती मुलगी सांगते. नावाजू दे. त्याने आता इथे यावं. विक्रोळीला, आमच्या खोलीत, आईसमोर मांडी घालून बसावं, भाता मारावा, पट्टी दाबावी आणि तिच्या तोंडावर सांगावं की हा आवाज कोणाच्या नवऱ्याचा आहे.